मिलवॉकीने सायडेल यांना झिडकारलं होतं का?

एमिल सायडेल यांच्याबद्दल एक मजकूर फिरतो आहे. त्याचा सारांश असा: जर्मनीतून आलेला हा अमेरिकेतला पहिला समाजवादी महापौर; १९१० मध्ये त्याने मिलवॉकीत सगळं सरकारी केलं, लोकांनी दोनच वर्षांत त्याला हाकललं आणि तिथला समाजवाद संपला.

सायडेल जन्मले १८६४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅशलंडला. आईवडील जर्मन. तरुणपणी काही वर्षं ते बर्लिनला काम शिकत होते, घोळ बहुधा तिथूनच झाला. पहिलेही ते नव्हेत. मॅसॅच्युसेट्समधल्या हेवरहिलने १८९८ मध्येच जॉन चेस यांना निवडून दिलं होतं. सायडेल हे मोठ्या शहराचे पहिले.

‘सगळं सरकारी केलं’ हे तर शक्यच नव्हतं. तेव्हा शहराचे अधिकार विस्कॉन्सिनच्या विधिमंडळाच्या मुठीत होते. कारभारात स्वायत्तता देणारी घटनादुरुस्ती झाली १९२४ मध्ये. ट्राम आणि वीज खासगी कंपनीकडेच राहिली. सायडेल यांनी सार्वजनिक बांधकाम विभाग उभा केला आणि प्राध्यापक जॉन कॉमन्स यांना बोलावून पालिकेच्या खर्चाची खातेनिहाय तपासणी सुरू केली. सायडेल मूळचे पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लाकडी नमुने घडवणारे कारागीर. ओतीव लोखंड थंड होताना फुटामागे साधारण १/८ इंच आकसतं, म्हणून लाकडी पॅटर्न तेवढा वाढवून घडवावा लागतो. माप चुकलं की ओतलेला प्रत्येक भाग बाद. या कामात मुरलेला माणूस हिशेबाला एवढा जपतो, यात नवल नाही.

आता ‘हाकललं’. १९१० ची लढत तिरंगी होती. सायडेल यांना सुमारे २७,६०० मतं पडली, डेमोक्रॅट उमेदवाराला साडेवीस हजार आणि रिपब्लिकनला अकरा हजारांवर. म्हणजे दोन्ही विरोधकांची बेरीज तेव्हाही त्यांच्यापेक्षा जास्त होती. १९१२ मध्ये हे दोन पक्ष एक झाले आणि त्यांनी डॉ. गेरहार्ड बाडिंग यांना उभं केलं. सायडेल हरले, पण मतं तीस हजारांवर गेली! मतदान वाढल्याने टक्का घटला, हे खरं. मात्र ज्यांची मतं वाढली त्यांना लोकांनी हाकललं, असं कसं म्हणायचं?

आणि ‘संपला’? १९१२ नंतर कायद्याने पालिकेच्या मतपत्रिकेवरून पक्षांची नावंच गेली. तरी समाजवादी डॅनियल होन १९१६ ते १९४० सलग महापौर होते. पुढे १९४८ ते १९६० फ्रँक झायडलर.