‘रोज ५० शब्द पाठ करा, उतारा वाचू नका’ : एका फिरत्या सल्ल्याला उत्तर

बँक, स्टाफ सिलेक्शन आणि तलाठी भरतीची तयारी करणाऱ्या मुलांच्या मोबाइलवर एक संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. जाहिरात निघाली की तो नव्याने फिरू लागतो. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका अभ्यासिकेत तर तो छापून भिंतीवर चिकटवलेला मी पाहिला. त्याचा मजकूर थोडक्यात असा आहे : रोज ५० इंग्रजी शब्द मराठी अर्थासह पाठ करा, ६० दिवसांत ३००० शब्द होतील आणि इंग्रजीचा विभाग पक्का होईल. उतारा पूर्ण वाचू नका, त्याला वेळ पुरत नाही. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधा, उत्तर तिथेच असते. मराठी माध्यमाच्या मुलांनी उतारा सोडूनच द्यावा. इंग्रजी वर्तमानपत्र वाचणे म्हणजे वेळ दवडणे. मी कोल्हापुरात याच मुलांना इंग्रजी शिकवतो, आणि या सल्ल्यावर विसंबून वर्ष घालवलेली मुले दरवर्षी माझ्यासमोर येऊन बसतात, म्हणून यातला प्रत्येक मुद्दा तपासणे मला आवश्यक वाटते.

आधी ५० शब्दांचा हिशेब पाहू. पाठ केलेली गोष्ट उजळणीवाचून किती वेगाने विसरली जाते, हे हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवले होते. एक शब्द पक्का होण्यासाठी तो निदान ५ वेळा, काही दिवसांच्या अंतराने डोळ्यांखालून जावा असे धरले, तर रोजच्या ५० नव्या शब्दांबरोबर २०० जुन्या शब्दांची उजळणी करावी लागते. एका शब्दाला २० सेकंद दिले तरी २५० शब्दांना जवळजवळ १ तास २३ मिनिटे लागतात. गणित आणि बुद्धिमत्तेचा अभ्यास सांभाळून हे ६० दिवस कोणी करत नाही. करतात ते एवढेच की उजळणी गाळून फक्त नवे शब्द लिहीत जातात, आणि वही भरते तसतशी तिची मागची पाने पुसट होत जातात.

त्याहून मोठा प्रश्न, कोणते शब्द, हा आहे. चंदगड तालुक्यातून आलेल्या एका विद्यार्थिनीने मला आपली वही दाखवली होती. अक्षर मोत्यासारखे, डावीकडे लाल शाईत शब्द, उजवीकडे निळ्या शाईत मराठी अर्थ, आणि ‘पुसिलॅनिमस’ (भेकड), ‘ऑब्स्ट्रेपरस’ (दंगेखोर) असे शब्द तिला अर्थासह तोंडपाठ होते. मी तिला एक साधे वाक्य वाचायला दिले : योजना एप्रिलमध्ये जाहीर झाली, ‘येट’ शेतकऱ्यांच्या खात्यात पैसे आले नाहीत. ती बराच वेळ थांबली आणि म्हणाली, “सर, येट म्हणजे ‘अजून’ ना? मग हे वाक्य लागत का नाही?” तिच्या वहीत ‘येट’ नव्हता, कारण तो सोपा शब्द म्हणून कोणी यादीत घालत नाही. इथे त्याचा अर्थ ‘तरीही’ असा आहे आणि संपूर्ण वाक्य त्याच्यावरच वळते.

इंग्रजी शब्दांच्या वारंवारितेचा अभ्यास करणाऱ्यांनी हे फार पूर्वी सांगून ठेवले आहे. मायकल वेस्ट यांनी १९५३ मध्ये सुमारे २००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. साधारण मजकुरातले बहुसंख्य शब्द तेवढ्यात येतात. ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली अभ्यासविषयक लेखनात वारंवार येणारी ५७० शब्दकुटुंबे, म्हणजे एकेक मूळ शब्द आणि त्याची रूपे, वेगळी काढली, आणि ‘नेव्हरदलेस’, ‘व्हेअरॲज’, ‘इम्प्लाय’, ‘अट्रिब्यूट’, ‘कन्स्ट्रेंट’ हे शब्द त्यांत आहेत. परीक्षेतल्या उताऱ्यांत हेच शब्द पानोपानी भेटतात. कोणाच्याही मदतीशिवाय मजकूर नीट समजायचा असेल, तर त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, असे या क्षेत्रात मानले जाते; म्हणजे ३०० शब्दांच्या उताऱ्यात ६ शब्द अडले तरी बिघडत नाही. ते ६ शब्द कोणते असावेत, हे ठरवायची संधी आपल्या हातात असते, आणि ‘पुसिलॅनिमस’ त्या सहांत खुशाल राहू द्यावा.

एका शब्दाला एक मराठी अर्थ लावून ठेवण्यातही धोका आहे. ‘सँक्शन’ म्हणजे मंजुरी, असे पाठ केलेला मुलगा बँकेने कर्ज ‘सँक्शन’ केले हे बरोबर वाचतो. पण एका देशाने दुसऱ्यावर ‘सँक्शन्स’ लादले असे आले की तो नेमका उलटा अर्थ काढतो, कारण तिथे ते निर्बंध असतात. ‘ओव्हरसाइट’ म्हणजे देखरेखही आणि नजरचूकही. शब्द वाक्यासकट लिहून घेतला तरच हा फरक वहीत उतरतो.

संदेशातला एक भाग मात्र बरोबर आहे आणि तो मान्य केला पाहिजे. स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षेत शब्दसमूहाबद्दल एक शब्द, वाक्प्रचार आणि स्पेलिंग यांवर थेट प्रश्न येतात, आणि तिथे पाठांतराला पर्याय नाही. माझी हरकत पाठांतराला नाही, तर पाठांतर झाले म्हणजे वाचन येईल या समजुतीला आहे.

आता प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधण्याच्या युक्तीकडे येतो, कारण सर्वांत जास्त गुण तिथे जातात. कोल्हापूरच्या मुलांना पंचगंगेचा पूर समजावून सांगावा लागत नाही, म्हणून मी फळ्यावर स्वतः रचलेला एक छोटा उतारा लिहितो. त्याचा आशय असा : सोमवारी राजाराम बंधाऱ्याजवळ पाण्याने ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली, तलाठ्याने घरोघरी जाऊन सांगितले होते, पण त्या दिवशी ‘फ्यू फॅमिलीज’ गाव सोडून गेल्या, बुधवारी पाणी ४३ फुटांच्या धोका पातळीला लागले तेव्हा रस्ता बुडाला होता आणि होड्या मागवाव्या लागल्या. खाली दोन पर्याय देतो. पहिला : तलाठ्याने घरोघरी सांगितल्यामुळे काही कुटुंबे सोमवारी गाव सोडून गेली. दुसरा : आधी सूचना मिळूनही बहुतेक लोक राहते ठिकाण सोडायला तयार झाले नाहीत. शब्द शोधणारी मुले पहिल्या पर्यायावर खूण करतात, कारण तलाठी, घरोघरी, कुटुंबे, सोमवार हे सगळे शब्द उताऱ्यात आहेत. उत्तर मात्र दुसरे आहे, ज्यात उताऱ्यातला जवळजवळ एकही महत्त्वाचा शब्द नाही. ‘फ्यू’ म्हणजे नाहीच्या बरोबर, आणि ‘अ फ्यू’ म्हणजे काही थोडे. आपण दोन्हींना मराठीत ‘काही’ म्हणून मोकळे होतो. प्रश्न काढणाऱ्याला ही सवय ठाऊक असते, म्हणून तो चुकीच्या पर्यायात मुद्दाम उताऱ्यातलेच शब्द पेरतो आणि बरोबर पर्याय निराळ्या शब्दांत लिहितो. शिवाय उताऱ्याचा सूर कोणता, शीर्षक कोणते शोभेल, लेखकाला काय सुचवायचे आहे, या प्रश्नांत शोधायला शब्दच नसतो.

वेळ पुरत नाही, हे म्हणणे आकड्यांवर टिकत नाही. बँकांसाठी भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएस या संस्थेच्या पीओ, म्हणजे प्रोबेशनरी ऑफिसर पदाच्या, पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे ३० प्रश्न २० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला ४० सेकंद. उताऱ्यावर ८ प्रश्न असतील तर त्यांच्या वाट्याला ५ मिनिटे २० सेकंद येतात. मिनिटाला १५० शब्द या बेताच्या वेगाने ३०० शब्दांचा उतारा २ मिनिटांत वाचून होतो आणि प्रत्येक प्रश्नाला २५ सेकंद उरतात. न वाचता प्रत्येक प्रश्नासाठी उतारा वरखाली चाळणाऱ्याला यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि चुकलेल्या उत्तराला पाव गुण कापला जातो तो वेगळाच.

मराठी माध्यमाच्या मुलांनी उतारा सोडावा, हे वाक्य वाचून मला खरोखर वाईट वाटते. त्यांची अडचण खरी आहे, पण ती अक्कल कमी असण्याची नसून वाक्यरचनेची आहे. मराठीत क्रियापद शेवटी येते, म्हणून आपण वाक्य संपेपर्यंत धीर धरतो. इंग्रजीत कर्त्यामागे मोठे उपवाक्य शिरले की मुख्य क्रियापद मध्येच कुठेतरी लपते. ‘द फार्मर्स हूज लँड द कनॅल क्रॉसेस हॅव रिफ्यूज्ड द ऑफर’ या वाक्यात कितीतरी मुले कालव्यालाच प्रस्ताव नाकारायला लावतात. हेच वाक्य ‘ज्यांच्या जमिनीतून कालवा जातो, त्या शेतकऱ्यांनी प्रस्ताव नाकारला आहे’ असे जो-तो पद्धतीने मांडले की गाठ सुटते. ही रचना मराठी मुलाच्या जिभेवर लहानपणापासून असते. ‘हू’, ‘हूज’, ‘विच’ दिसताच मनात ‘जो’, ‘ज्याचा’, ‘जे’ म्हणायचे आणि मग ‘तो’ काय करतो ते शोधायचे, एवढा सराव १५ दिवस केला तरी फरक जाणवतो. ज्याने मराठी अग्रलेख वाचून ‘असे असले तरी’ या शब्दांपाशी लेखकाचे खरे मत सुरू होते हे ओळखले आहे, त्याला ‘हाउएव्हर’पाशी सावध होणे नव्याने शिकावे लागत नाही.

राहिले वर्तमानपत्र. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन प्रदर्शनात प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, तेव्हा इंग्रजी वृत्तपत्रांत त्यावर भरपूर लिहून आले. ‘आर्टिझन’, ‘ॲक्नॉलेज’, ‘हेरिटेज’, ‘अप्रोप्रिएशन’ हे शब्द त्या लेखांत पुन्हा पुन्हा येत होते. कोल्हापुरी चपलेचे २०१९ चे भौगोलिक मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी ४ जिल्ह्यांना मिळाले आहे, हे आमच्या मुलांना आधीच ठाऊक होते. त्यामुळे यातले बहुतेक शब्द त्यांनी शब्दकोश न उघडता ओळखले आणि ते आजही विसरलेले नाहीत. विषय ओळखीचा असला की अनोळखी शब्द स्वतःहून उलगडतो, म्हणून सुरुवात आपल्या जिल्ह्याच्या बातमीने करावी, महिन्याभराने अर्थकारणाकडे वळावे. रोज एकच लेख, दोनदा. पहिल्यांदा न थांबता, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन, आणि वहीत जास्तीत जास्त ८ शब्द, त्यांच्या वाक्यांसह. इंग्रजी अंक घरी येत नसेल तर १८५० पासून चालत आलेल्या करवीर नगर वाचन मंदिरासारखे ग्रंथालय शहरात आहे, आणि तालुक्याच्या गावीही सार्वजनिक वाचनालय असतेच. तिथे सकाळचा अर्धा तास या कामाला पुरतो.