वारसा फक्त रेकॉर्डिंग्जमध्ये नाही

रेकॉर्डर, म्हणजे टोकातून फुंकायची लाकडी बासरी, वाजवणारे डच कलाकार फ्रान्स ब्रुगेन (१९३४–२०१४) यांच्यावरचा एक लेख वाचला. त्यांचा वारसा म्हणजे त्यांची रेकॉर्डिंग्ज आणि १९८१ साली उभा केलेला ऑर्केस्ट्रा, असं त्यात म्हटलंय. रेकॉर्डर घडवणाऱ्या कारागिरांना विचारलंत तर वेगळं उत्तर मिळेल. ब्रुगेन यांच्या संग्रहातल्या जुन्या वाद्यांची मापं फ्रेड मॉर्गन या ऑस्ट्रेलियन कारागिराने घेतली आणि ती रेखाचित्रं छापून सगळ्यांना खुली झाली. ब्रेसाँ, स्टेन्सबी या अठराव्या शतकातल्या लंडनच्या कारागिरांच्या वाद्यांच्या प्रतिकृती करणाऱ्यांच्या हाती अंदाजाऐवजी मिलिमीटर आले. अर्थात कागद समोर ठेवून लेथ फिरवला की झालं, असं नाही. जुनं लाकूड आकसून वाद्याची आतली पोकळी लंबगोल झालेली असते, मग कुठला व्यास खरा धरायचा? जुन्या संगीतासाठी आज ‘ला’ हा सूर सहसा ४१५ हर्ट्झला लावतात; मूळ वाद्य त्याच्याही खाली लागत असेल तर ते वर आणायला नुसती लांबी कमी करून भागत नाही, सप्तकं एकमेकांशी जुळेनाशी होतात. पोकळीचा उतार आणि भोकं, दोन्ही नव्याने बसवावी लागतात.

आणि ब्रुगेन यांचे ते हळू सुरू होऊन फुगत जाणारे सूर लेखात ‘लकब’ म्हणून उडवून लावलेत, ते तर अजिबात पटलं नाही. रेकॉर्डरवर फुंक वाढली की सूर चढतो, कमी झाली की उतरतो. म्हणून लांब सूर हळू सुरू करताना एखादं बोट भोकावरून केसभर सरकवून ठेवायचं, फुंक वाढेल तसं ते मिटवत न्यायचं आणि ऐन भरात खालचं एखादं भोक अर्धवट झाकायचं. सोडताना सगळं उलट. बोट जरा उशिरा मिटलं की सूर चढलाच.