‘आंधळे कुठं कोड लिहितात?’ या फॉरवर्डला उत्तर

गेल्या दोन आठवड्यांत एकच मजकूर मला चार ग्रुपांवरून आला. दोन ग्रुप सोलापूरच्या डेव्हलपरांचे, एक कॉलेजच्या जुन्या बॅचचा आणि एक चक्क सोसायटीचा. गोषवारा असा: सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते सांगणाऱ्या डॉक्युमेंटेशन साइटवर (म्हणजे डॉक्सवर) ॲक्सेसिबिलिटीचं, म्हणजे ती दिव्यांगांनाही वापरता यावी यासाठीचं काम ही नुसती हौस. डॉक्स डेव्हलपर वाचतात आणि आंधळे कुठं कोड लिहितात? आजवर कुणी तक्रारही केलेली नाही. शेकडो पानं दुरुस्त करायला छोट्या टीमकडे माणसं नसतात. फारच टोचणी लागली तर एक विजेट, म्हणजे साइटवर चिकटवायचं तयार साधन, टाका. आणि साइट आपोआप तपासणाऱ्या लाइटहाउसमध्ये १०० मार्क पडले की विषय संपला.

टॉवेल कारखान्यांच्या चलन-बिलांसाठी आमचं एक छोटं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे, त्याचे डॉक्स मी सांभाळतो. आम्ही तिघं, तेही नोकरी सांभाळून. त्यामुळे हे लिहिणाऱ्याची दमछाक मला कळते. पण त्याचे पहिले चार मुद्दे चूक आहेत आणि पाचवा अर्धाच खरा.

‘आंधळे कुठं कोड लिहितात?’ यासाठी लांब जायला नको, पुण्यापर्यंत गेलं तरी पुरे. पुण्यात वाढलेले टी. व्ही. रामन यांची दृष्टी चौदाव्या वर्षी काचबिंदूने गेली. त्यांनी पुण्यात गणित केलं, मग आयआयटी मुंबईत कॉम्प्युटर सायन्स, १९९४ मध्ये कॉर्नेलची डॉक्टरेट, आणि पुढं गूगल. ईमॅक्स या एडिटरला बोलतं करणारं ईमॅक्सपीक त्यांचंच. दुसरं उदाहरण एनव्हीडीएचं. विंडोजवरचा हा फुकट स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन यांनी सुरू केला, पुढं जेम्स टेह सोबत आले. दोघंही अंध. एनव्हीडीएचा बराचसा कोड पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत आहे. म्हणजे अंध माणूस तुमचे डॉक्स ज्या सॉफ्टवेअरने वाचतो, तेच अंधांनी लिहिलंय. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने निदान एवढं तरी शोधायचं होतं की.

‘कुणी तक्रार केली नाही.’ आमच्याकडेही कुणी केली नव्हती. मीही वर्षभर याच समाधानात होतो.

मग सोलापूरच्या पूर्व भागातला एक पोरगा ओळखीतून घरी आला. घरात तेलुगू, शाळा मराठी, थोरल्या भावाचे लूम आणि हा पायथन लिहितो. जन्मापासून दिसत नाही. त्याने लॅपटॉप उघडला, एनव्हीडीए चालू केलं आणि आमचं ‘इन्स्टॉल कसं करावं’ हे पान ऐकायला घेतलं. पान मराठीत, पण थीम, म्हणजे साइटचा तयार साचा, जशी आली तशी आम्ही ठेवलेली. तिच्यात पानाची भाषा इंग्रजी लिहिलेली. त्यामुळे इंग्रजी आवाज देवनागरीशी झटापट करू लागला. त्याने सवयीने भाषा हाताने बदलली. मग आलं ‘बटण’, परत ‘बटण’, परत ‘बटण’. प्रत्येक कोडच्या चौकटीला कॉपीचं चिन्ह होतं, त्याला नाव द्यायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि मग:

‘अण्णा, इथं काय लिहिलंय?’

‘कमांड आहे की.’

‘मला स्क्रीनशॉट टू फायनल पीएनजी असं ऐकू येतंय.’

कमांडचा आम्ही फोटो टाकला होता, आणि वर्णनाच्या जागी फाइलचं नाव! जी गोष्ट कॉपी करून टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड द्यायच्या खिडकीत, टाकायची तिचा फोटो. डोळस माणसालाही ती बघून बघून टाइप करावी लागत असणार आणि तोही मुकाट्याने करत असणार. मी ओशाळून विचारलं, ‘मग इतके दिवस काय करायचास?’

‘दुसरं सॉफ्टवेअर वापरायचो.’

तक्रार न येण्याचं कारण हे असं असतं. त्यात आमच्या तक्रारीच्या फॉर्मलाही लेबलं नव्हती, म्हणजे त्याने ठरवलं असतं तरी कुठल्या रकान्यात काय लिहायचं ते त्याला कळलं नसतं.

इथं ग्रुपवर कुणीतरी कायदा काढला. २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आहे, आणि ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ई-केवायसीच्या प्रकरणात डिजिटल सुविधांपर्यंत पोहोचणं हा जगण्याच्या हक्काचा, म्हणजे कलम २१ चा भाग मानला. खरं आहे. पण तिघांच्या फुकट प्रकल्पाच्या दारात त्यासाठी कुणी येणार नाही. भीती घालून हे काम करून घ्यायला मला आवडतही नाही.

‘शेकडो पानं कोण दुरुस्त करणार?’ हा मुद्दा वरवर बिनतोड वाटतो, पण डॉक्युमेंटेशनच्या साइटला तो अजिबात लागू पडत नाही. डॉक्सची साइट बनवणारी स्फिंक्स, एमकेडॉक्स, डॉक्युसॉरस, यांपैकी काहीही वापरा, सगळी पानं एकाच टेम्पलेटमधून निघतात. चादरीच्या नक्षीचं पंचकार्ड बदललं की पुढची प्रत्येक चादर बदलते, तसंच. आम्ही दोन रविवारी केलं ते एवढंच: भाषा इंग्रजीची मराठी केली. कॉपीच्या बटणाला नाव दिलं. पानाच्या सुरुवातीला ‘थेट मजकुराकडे’ अशी लिंक टाकली, नाहीतर प्रत्येक पानावर अख्खा मेनू आधी ऐकावा लागतो. कुणीतरी ‘घाण दिसतं’ म्हणून फोकसची चौकट साइटचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसच्या एका ओळीने घालवली होती, ती ओळ काढली. आता टॅब दाबत गेलं की आपण कुठं आहोत ते दिसतं.

आणि रंग. आमच्या बाजूच्या मेनूतली अक्षरं फिकट करडी होती, रंगाचा कोड हॅश ९९९९९९. पांढऱ्यावर त्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, भरतो २.८५ ला १. डब्ल्यूसीएजी या वेबच्या ॲक्सेसिबिलिटी निकषांची एए पातळी साध्या अक्षरांना किमान ४.५ ला १ मागते. करडा थोडा गडद केला, हॅश ७६७६७६, की ४.५४ होतो आणि काम भागतं. डिझाइनवाल्या मित्राला फरक दाखवल्याशिवाय कळला नाही. एप्रिलच्या दुपारी सोलापूरच्या सात रस्ता चौकात उभं राहून मोबाइलवर डॉक्स उघडणाऱ्याला मात्र लगेच कळतो, त्याचे डोळे कितीही चांगले असोत. सबटायटल नसलेल्या व्हिडिओचंही तेच. आमचा गिऱ्हाईक कारखान्यात लूमच्या खडखडाटात उभा असतो, त्याला व्हिडिओतलं एक अक्षर ऐकू येत नाही.

पानागणिक करायचं काम उरतं, ते नाकारत नाही. फोटोंची वर्णनं आणि मथळे. एनव्हीडीएत एच दाबलं की पुढच्या मथळ्यावर उडी मारता येते, पण आम्ही निम्म्या ठिकाणी मथळ्याऐवजी नुसती ठळक अक्षरं केली होती. हे काम सावकाश चाललंय: ज्या पानाला हात लागेल ते सुधारायचं.

विजेटबद्दल थोडक्यात. कोपऱ्यात व्हीलचेअरचं चिन्ह येतं, अक्षरं मोठी करा, रंग बदला वगैरे. ब्राउझर आणि मोबाइल हे आधीपासून करतात. अशी विजेट विकणाऱ्या ॲक्सेसिबी या कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये फसव्या दाव्यांबद्दल १० लाख डॉलरची कारवाई केली. कमांडच्या फोटोतून कमांड खात्रीने बाहेर काढणारं विजेट कुणाकडे असेल तर जरूर कळवा.

राहिला लाइटहाउसचा मुद्दा. अशी हत्यारं वापरायलाच हवीत. ॲक्सेसिबिलिटीवर काम करणाऱ्या वेबएम या संस्थेने २०२५ मध्ये १० लाख होमपेज तपासली, तेव्हा ९४.८ टक्क्यांवर यंत्राला सहज सापडणाऱ्या चुका निघाल्या, आणि सगळ्यांत जास्त ठिकाणी फिकट अक्षरंच. म्हणजे सोप्या चुकाच ढीगभर पडल्यात. पण १०० मार्कांचं ऐका. टेम्पलेट दुरुस्त केल्यावर आम्हालाही १०० पडले, आणि त्याच दिवशी साइटवर ‘स्क्रीनशॉट टू फायनल पीएनजी’ जसंच्या तसं होतं. फोटोला वर्णन आहे का, एवढंच यंत्र बघतं. ते वर्णन वेडगळ आहे हे त्याला कळत नाही. मराठी पानावर भाषा इंग्रजी लिहिली तरी ते खूश, कारण काहीतरी लिहिलंय ना! म्हणून हत्यार चालवून झालं की माउस बाजूला ठेवा आणि नुसत्या कीबोर्डवर सर्चपासून डाउनलोडपर्यंत जाऊन बघा. आमचं सर्च तिथंच अडकलं होतं: बॉक्स उघडायचा, पण एस्केप दाबून बंद व्हायचा नाही.

आता या रविवारी टॉवेलच्या साइजांचं टेबल घ्यायचंय. वरच्या ओळीतल्या खान्यांना शीर्षक म्हणून खूण करायची राहिलीय, त्यामुळे त्या पोराला ‘तीस, साठ, चारशे’ असं ऐकू येतं. इंच कुठले आणि जीएसएम (कापडाचं दर चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन) कुठला, ते त्याने परवा मला फोन करून विचारलं.