मूलभूत सीबीटी कौशल्ये फक्त तज्ज्ञांपुरती ठेवावीत का?

मानसिक आरोग्य सेवेतील परिचारिका, समुपदेशक आणि सामाजिक कार्यकर्ते यांना सीबीटीची, म्हणजेच आपले विचार आणि वागणे तपासून बदलायला संभाषणातून शिकवणाऱ्या बोधात्मक वर्तनोपचाराची, मूलभूत कौशल्ये शिकवू नयेत, असे सांगणारा मजकूर वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचे म्हणणे असे: अर्धवट ज्ञानाने रुग्णाला इजा होते, हा उपचार तज्ज्ञांच्याच हातून लागू पडतो, कर्मचाऱ्यांकडे वेळ नसतो, आणि कार्यशाळेत शिकलेले लवकरच विसरले जाते. शेवटच्या मुद्द्यात तथ्य आहे. पहिले तीन टिकत नाहीत.

प्रथम इजेचा मुद्दा. प्रशिक्षण दिले नाही म्हणून रुग्ण परिचारिकेशी बोलायचा थांबत नाही. ‘मी घरच्यांवर ओझे झालो आहे,’ असे तो म्हणाला, की प्रशिक्षण नसलेली व्यक्ती बहुधा ‘असा विचार करू नका’ म्हणून विषय मिटवते, आणि पुढे तो ते कोणाजवळ बोलतही नाही. मूलभूत कौशल्ये शिकलेली व्यक्ती हे केव्हा जास्त जाणवते, त्या वेळी काय घडले होते, मनात नेमके काय आले आणि मग त्याने काय केले, हे एकेक करून विचारते. ओझे वाटणे ही आत्महत्येच्या धोक्याची खूण असू शकते हे ठाऊक असल्याने जीव देण्याचे विचार येतात का, हेही स्पष्ट विचारते, आणि गरज दिसताच तज्ज्ञांना कळवते. आपले काम कुठे थांबते, हे ओळखणे चांगल्या प्रशिक्षणातच शिकवले जाते. मला जास्त धोका वाटतो तो न शिकवण्यात.

तज्ज्ञांविना गुण येत नाही, हे विधान तर संशोधनाच्या थेट विरोधात जाते. पाकिस्तानातील रावळपिंडीच्या ग्रामीण भागात नैराश्य असलेल्या ९०३ गर्भवतींवर झालेल्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सीबीटीवर आधारित भेटी गावपातळीवरच्या आरोग्यसेविकांनी दिल्या होत्या. बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी त्या गटातील २३ टक्के मातांमध्ये नैराश्य उरले होते, तर तुलनेच्या गटात ५३ टक्के. इंग्लंडमधील ४४० प्रौढांच्या २०१६ च्या चाचणीत मानसोपचाराची व्यावसायिक पात्रता नसलेल्या कनिष्ठ कर्मचाऱ्यांनी वर्तन सक्रिय करण्याची पद्धत वापरली, म्हणजे टाळलेल्या आणि अर्थपूर्ण कामांकडे रुग्णाला टप्प्याटप्प्याने परत आणले. वर्षभरानंतरचा परिणाम प्रशिक्षित उपचारकांच्या पूर्ण सीबीटीपेक्षा कमी नव्हता. गुंतागुंतीचे आजार तज्ज्ञांकडेच जावेत, यात वाद नाही.

वेळेबद्दल एवढेच, की दिवसभरातले एखादे छोटे काम रुग्णासोबत ठरवणे आणि दुसऱ्या दिवशी त्याची विचारपूस करणे नेहमीच्या फेरीत बसते.

विसरण्याचा मुद्दा मात्र मी मान्य करतो, पण त्यातून काढलेला निष्कर्ष नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७८ उपचारकांपैकी काहींना केवळ पुस्तिका, काहींना पुस्तिकेसोबत संकेतस्थळावरचे प्रशिक्षण, तर काहींना पुस्तिका, कार्यशाळा आणि त्यानंतरचे मार्गदर्शन मिळाले. केवळ पुस्तिका वाचणाऱ्यांपेक्षा या शेवटच्या गटाचे कौशल्य ठळकपणे सरस ठरले. रावळपिंडीच्या आरोग्यसेविकांनाही नियमित देखरेख होती. म्हणून प्रशिक्षणाची आखणी करणाऱ्यांनी कार्यशाळेनंतरच्या महिन्यांत अनुभवी उपचारकासोबतचा ठरावीक तास कामाच्या वेळापत्रकातच धरावा, आणि त्या तासात रुग्णाच्या संमतीने ध्वनिमुद्रित केलेले संभाषण ऐकून, अडलेला प्रसंग रोल-प्लेने पुन्हा करून पाहावा.