कुर्डी मे महिन्यात तरी वर येते

गेल्या मे महिन्यात आईला घेऊन कुर्डीला, धरणात बुडालेल्या तिच्या गोव्यातल्या गावाला, गेलो होतो. साळावली धरणाचं पाणी उतरलं की तिच्या माहेरच्या घराचं जोतं उघडं पडतं. "हांगा चूल, ही तुळस, त्या दगडापाशी वासरू बांधायचो," असं ती माझ्या मुलीला पायांनी मोजून दाखवत होती. मुलगी तेरा वर्षांची. परत येताना गाडीत एकदम म्हणाली, "बाबा, आजीचं गाव निदान वर तरी येतं."

ती कशाबद्दल बोलतेय ते मला लगेच कळलं. लॉकडाऊनमध्ये तिनं आणि सीमेपलीकडे महाराष्ट्रात, दोडामार्गला राहणाऱ्या तिच्या मावसबहिणीनं एका ऑनलाइन खेळात मिळून एक गाव वसवलं होतं. शेत, विहीर, विहिरीवर रहाट. शाळा बंद, सीमा बंद, त्या काळात दोघी रोज संध्याकाळी तिथेच भेटायच्या. पुढे कंपनीची नोटीस आली की सेवा बंद होतेय, आणि ठरल्या तारखेला ते गाव गेलं. शेवटच्या रात्री ती माझ्या फोननं स्क्रीनचे फोटो काढत बसली होती. घरात कुणीतरी म्हणालं, "खेळच तर आहे." मला ते पटलं नाही, आजही पटत नाही.

ऑनलाइन खेळांचा इतिहास बहुतेक वेळा चित्रं कशी सुधारत गेली याचा म्हणून सांगतात. सुरुवातीला तर चित्रंच नव्हती. 1978 मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्यानं 'मड' हा खेळ लिहायला घेतला, पुढे रिचर्ड बार्टलनं तो वाढवला. सगळा खेळ अक्षरांचा. 'उत्तरेला जा' असं टाईप करायचं, की पुढच्या जागेचं वर्णन समोर यायचं आणि तिथे दुसरा जिवंत माणूस भेटायचा. मोठी गोष्ट ती भेट होती, चित्रं नंतर आली.

माझ्या मते खरा इतिहास किल्लीचा आहे. सर्व्हर, म्हणजे सगळ्यांचा खेळ ज्या मशीनवर चालतो ते, कुणाच्या हातात, हा तो प्रश्न. 1993 च्या 'डूम'मध्ये लोक स्वतःचे नकाशे बनवून घालत. 1996 च्या 'क्वेक'चा सर्व्हर कुणीही आपल्या मशीनवर चालवू शकायचा. 'काउंटर-स्ट्राइक' तर 1999 मध्ये दोन हौशी खेळाडूंनी 'हाफ-लाइफ' या खेळावर केलेला बदल होता. आम्ही मडगावच्या एका सायबर कॅफेत तोच खेळायचो. आठ मशीन, मधे त्यांना जोडणारा एक हब, त्याचे हिरवे दिवे लुकलुकत असायचे. इंटरनेट गेलं तरी खेळ थांबायचा नाही, कारण सर्व्हर त्याच खोलीत, टेबलाखाली होता.

मग किल्ली हळूहळू कंपन्यांकडे गेली. 2004 चा 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' 2010 पर्यंत 1 कोटी 20 लाख वर्गणीदारांवर पोचला. एवढं मोठं जग सांभाळायला कंपनी लागते, हे मान्य. नंतर मात्र एकट्यानं खेळायचे खेळसुद्धा सर्व्हरला बांधले गेले. 'द क्रू' हा गाड्यांचा खेळ 2014 मध्ये डिस्कवर विकला गेला. 31 मार्च 2024 ला कंपनीनं सर्व्हर बंद केले, आणि पैसे मोजून घेतलेल्या डिस्का निकामी झाल्या. त्यातूनच 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ उभी राहिली. युरोपात त्यांच्या मागणीवर 2025 मध्ये 10 लाखांवर सह्या झाल्या.

सर्व्हर कायम चालवा, असं कुणीच म्हणत नाही. खर्च असतो. पण बंद करताना तो खेळ लोकांना स्वतः चालवता येईल अशा अवस्थेत सोडून जा, एवढंच मागणं आहे. हे होऊ शकतं. 'सिटी ऑफ हीरोज' 2012 मध्ये बंद झाला, चाहत्यांनी तो जिवंत ठेवला आणि 2024 मध्ये मूळ कंपनीनं त्यांना रीतसर परवाना दिला.

आपल्याकडे 2025 मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला. पैसे लावायच्या खेळांवर बंदी, ई-स्पोर्ट्सला, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळायच्या खेळांना, मान्यता. मांडवीत कॅसिनोच्या बोटी बघत राहणाऱ्या आम्हा गोंयकारांना जुगाराची बंदी नको कशी वाटेल? पण बंद पडणाऱ्या खेळाबद्दल त्यात काही नाही. मुलं तिथे वर्षानुवर्षं काय उभं करतात, हे कायदा करणाऱ्यांपर्यंत पोचलेलंच नाही. खेळ म्हटलं की व्यसन आणि जुगार, याच्यापुढे आपली चर्चा जात नाही. ती जायला हवी, म्हणून हे लिहिलं.

कुर्डीहून आल्यावर मुलीनं एका वहीत आपल्या गावाचा नकाशा काढायला घेतलाय. आजीसारखाच, पावलं मोजून. विहीर नक्की कुठे होती यावर फोनवर दोघींचा वाद चालू आहे. चवथीला मावसबहीण आमच्याकडे येईल, तेव्हा बसून पुरा करणार आहेत.