आमची स्पेस परत द्या

"अरे, तू कुणाची तरी स्पेस काढून घेतलीस म्हणे?" सांगलीहून आत्याचा फोन.

मी म्हटलं, काय काढून घेतलं?

"स्पेस, स्पेस. ह्यांच्या पतसंस्थेचं कॉम्प्युटरचं काम बघतात ना, ते साहेब सांगत होते. जागेच्या भानगडीत पडू नकोस हं बाबा. तुझ्या आजोबांचं अर्धं आयुष्य एका बांधापायी कोर्टात गेलं. मी तुझा नंबर दिलाय त्यांना. गोड बोल."

आता आत्याला कसं समजावणार, की ही जागा सातबाऱ्यावरची नसून 'फक्त' या शब्दानंतरची आहे?

तर, मी पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतली एक छोटी लायब्ररी, म्हणजे इतरांनी आपापल्या प्रोग्रॅमला जोडायचा तयार तुकडा, सांभाळतो. तिला आकडा द्यायचा, ती मराठी अक्षरी रक्कम देते. १२५०० दिले की 'बारा हजार पाचशे रुपये फक्त'. चेक, पावत्या, बिलं यांना लागतं. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण मराठीत शंभरापर्यंतच्या प्रत्येक आकड्याचं वेगळं लाडकं नाव असल्यामुळे नियम लावून सुटत नाही, सगळा तक्ताच भरावा लागतो, आणि मग 'त्र्याण्णव' कसं लिहायचं यावर परक्या लोकांशी रात्री भांडावं लागतं. लायब्ररी फुकट आहे. पोटापाण्याची नोकरी वेगळी आहे. लायब्ररी कोण वापरतं हे मला माहीत नसतं. ज्याचं सुरळीत चाललंय तो कधीच कळवत नाही.

'फक्त'नंतर एक जादा स्पेस छापली जायची. कुणीतरी पूर्वी पाठवलेल्या दुरुस्तीबरोबर ती घरात शिरली होती. डब्लिनच्या एका मराठी शाळेच्या पावत्यांमध्ये तिच्यामुळे रकाना सरकत होता. त्या बाई गेले कित्येक महिने नम्रपणे आठवण करत होत्या, आणि त्यांच्या तक्रारीखाली लोक सहमतीचे अंगठे उमटवत होते. मी स्पेस काढली. एका अक्षराचा बदल. तोसुद्धा न दिसणाऱ्या अक्षराचा.

पण बदल करणं वेगळं आणि रिलीज करणं, म्हणजे तो लोकांच्या हाती देणं, वेगळं. पायथनचं नवं व्हर्जन दर ऑक्टोबरला येतं आणि पाच वर्षं जगतं, त्यामुळे कधीही पाहा, चार-पाच पायथनं हयात असतात. त्या सगळ्यांवर चाचण्या चालवायच्या. हिरव्या टिकांची वाट बघायची. चेंजलॉग, म्हणजे काय बदललं त्याची यादी, लिहायचा, जो कुणी वाचत नाही. व्हर्जनचा आकडा वाढवायचा, टॅग लावायचा, बांधणी करायची आणि पायपीआयवर, म्हणजे पायथनच्या लायब्रऱ्यांच्या सार्वजनिक कोठारात, चढवायचं. तिथे १ जानेवारी २०२४ पासून दुहेरी पडताळणी सक्तीची आहे, म्हणून लॉगिनला फोनवरचा सहा आकडी कोड लागतो, आणि फोन त्या वेळी नेमका मुलीच्या हातात असतो. शिवाय तिथे एकदा चढवलेल्या फाइलचं नाव पुन्हा वापरता येत नाही. फाइल उडवली तरी नाही. लग्नपत्रिका वाटून झाल्यावर मुहूर्त चुकीचा छापल्याचं लक्षात यावं, तशी गत. नवी पत्रिका काढा, नवा आकडा टाका, आणि जुनी वाचून कोण कोण येतंय ते बघत बसा.

आकड्यांचाही एक शिरस्ता आहे. तीन आकडे असतात. पहिला वाढला की जुन्याशी फारकत, दुसरा वाढला की काही नवीन आलं, तिसरा वाढला की किरकोळ डागडुजी. मला या बाबतीत डोनाल्ड क्नूथ यांचा फार हेवा वाटतो. त्यांच्या टेक या अक्षरजुळणीच्या प्रोग्रॅमचं व्हर्जन गणितातल्या पायच्या (π) किमतीकडे सरकत जातं. प्रत्येक दुरुस्तीला एक दशांश स्थळ वाढतं, आणि २०२१ साली ते ३.१४१५९२६५३ वर पोचलं. त्यांनी सांगून ठेवलंय, की माझ्यामागे व्हर्जनला नुसतं पाय म्हणा आणि त्यानंतर उरलेल्या सगळ्या चुका ही वैशिष्ट्यं समजा. किती निवांत माणूस! त्यांना सांगलीत आत्या नाही.

मी तिसरा आकडा वाढवला. २.४.१. आणि चेंजलॉगमध्ये लिहिलं, 'शेवटची जादा स्पेस काढली'.

आत्यानंतर पाच मिनिटांत साहेबांचा फोन आला. आमच्या क्षेत्रात दोन अनोळखी माणसं एकमेकांना सर म्हणतात, त्यामुळे पुढचा संवाद दोन सरांचा आहे.

"नमस्कार सर. आपणच का ते अक्षरी रक्कमवाले?"

"हो."

"सर, आपण काल रात्री काही केलंत का?"

या प्रश्नाला सज्जन माणूस काय उत्तर देणार? मी म्हटलं, "एक व्हर्जन काढलं."

"तेच सर. आमचे सगळे चेक खराब छापले जातायत. शेवटी 'फक्त' येत नाहीये."

"काहीच येत नाही?"

"येतं सर. पण अर्धं येतं."

"अर्धं म्हणजे?"

"त जातोय सर."

"मग काय उरतं?"

पलीकडे शांतता. मग आवाज खाली आला. "सर, समोर मॅडम बसल्यात."

"कोण मॅडम?"

"शाळेच्या मुख्याध्यापिका. देणगीचा चेक दिला होता सकाळी. परत घेऊन आल्यात."

मला खरोखर उलगडा होईना. मी पेन घेतलं, एका बिलाच्या पाठीमागे 'फक्त' लिहिलं आणि त खोडला. क पाय मोडून तसाच उभा राहिला. पंचवीस हजार रुपये, आणि पुढे ते. खाली अध्यक्षांची सही, सचिवांची सही आणि संस्थेचा गोल शिक्का.

मला हसू आवरेना. फोन तोंडापासून लांब धरला. पलीकडे साहेब गंभीरपणे "हॅलो, हॅलो" करत होते आणि मागून मॅडमचा आवाज येत होता, "मी पुढच्या वर्गात वाचून दाखवू का हे?"

उलगडा असा, की त्यांच्या प्रोग्रॅमला ती जादा स्पेस खुपत होती. मला कळवायचं सोडून त्यांनी माझ्याकडून आलेल्या मजकुराचं शेवटचं अक्षर, ते काय आहे हे न बघता, छाटून टाकायची सोय केली होती. स्पेस होती तोवर स्पेस मरत होती. आता तिच्या जागी त मरतोय.

"तुमच्याकडे ती छाटणारी एक ओळ आहे, ती काढा," मी म्हटलं. "कुणी लिहिलीय?"

"एक मुलगा होता सर. फार हुशार. हैदराबादला गेला."

"मग तुम्ही काढा."

"तसं नाही सर, आमच्याकडे प्रोसेस आहे. चेंज रिक्वेस्ट टाकायची, मग टेस्टिंग, मग समितीची मंजुरी. समिती दुसऱ्या गुरुवारी बसते."

"मग?"

"तुमचं काय सर, तुम्ही एकटेच."

हे वाक्य ते लागट बोलले नाहीत. उलट कौतुकानं बोलले. त्यामुळे जास्त लागलं.

मी म्हटलं, जुनं २.४.० तिथेच आहे, तेच पक्कं धरून ठेवा, नवं घेऊ नका. तर म्हणे ऑडिटरनं सांगितलंय, कायम लेटेस्ट. म्हटलं, मग निदान चेंजलॉग वाचत जा. "कसला लॉग सर?" म्हटलं, जाऊ द्या. तर म्हणतात, "पण सर, असा बदल करण्याआधी युजरना विचारायला हवं होतं."

"तुम्ही माझे युजर आहात हे मला कसं कळणार?"

"आपल्याकडे नोंद नाही?" साहेब दुखावले. "तीन वर्षं वापरतोय सर. एकदाही तक्रार केली नाही."

मी त्यांना लायसन्सची आठवण दिली. एमआयटी लायसन्स, जेमतेम तीन परिच्छेदांचं. त्यातला शेवटचा मुद्दाम कॅपिटल अक्षरांत ओरडून सांगतो, की ही वस्तू आहे तशी घ्या, कसलीही हमी नाही. साहेब म्हणाले, ते आमच्या लीगलनं पाहिलेलं नाही. "आणि सर, हा मेजर बदल आहे. पहिला आकडा वाढवायला हवा होता. आम्ही सावध झालो असतो." चेंजलॉग न वाचणारा माणूस पहिला आकडा बघून सावध झाला असता!

गूगलमध्ये काम केलेल्या हायरम राइट या इंजिनिअरच्या नावानं एक नियम प्रसिद्ध आहे. वापरणारे पुरेसे झाले, की तुम्ही वचन काहीही दिलेलं असो, तुमच्या प्रोग्रॅमच्या प्रत्येक दिसणाऱ्या लकबीवर कुणी ना कुणी विसंबलेलं असतं. नियम खराच आहे. पण त्यात फोन कुठल्या आत्यामार्फत येणार, याची काही तरतूद नाही.

"मग ते व्हर्जन मागे घ्या," साहेब म्हणाले. मागे घेता येतं. पण मग डब्लिनच्या बाईंना काय सांगू? सांगलीच्या समितीची बैठक दुसऱ्या गुरुवारी आहे, तोवर तुमचा रकाना सरकू द्या?

इथपर्यंत मला गंमत वाटत होती. रात्री वाटेनाशी झाली. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेडचं प्रकरण बाहेर आलं. फाइली आवळणारा एक साधा प्रोग्रॅम, पण तो जगभरच्या सर्व्हरवर असतो. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये कुणी चोरदरवाजा बसवला होता. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा संशय आला, म्हणून सापडला. नाहीतर कुणाला पत्ता लागला नसता. त्या चोरदरवाजाच्या आधीची दोन वर्षं मला जास्त भेडसावतात. सांभाळणारा एकटा, थकलेला. आणि अनोळखी नावं त्याला टोचत होती: रिलीज कधी, इतका उशीर का, झेपत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या. मदतीला आलेल्या ज्या नव्या माणसाकडे पुढे किल्ल्या गेल्या, त्यानंच दरवाजा बसवला. ती टोचणारी नावं बहुधा खोटीच होती. पण मी ती पत्रं वाचली आहेत. खऱ्या माणसांकडून मला येणारी पत्रं अगदी तशीच असतात. फरक ओळखायला मला तरी काही खूण सापडलेली नाही.

इंटरनेटवरून फाइली आणणाऱ्या कर्ल या फुकट प्रोग्रॅमचे कर्ते डॅनियल स्टेनबर्ग यांना २०२२ च्या जानेवारीत एका बड्या कंपनीनं ईमेल केली होती, की आमच्या सुरक्षेच्या प्रश्नांना २४ तासांत उत्तरं द्या. ते म्हणाले, आनंदानं, आधी सपोर्टचा करार करू. मला ते उत्तर फार आवडलं होतं, म्हणून मीही साहेबांना तेच ऐकवलं. वाटलं, आता फोन ठेवतील.

"काहीच अडचण नाही सर," साहेब म्हणाले, आणि तासाभरात पुरवठादार नोंदणीचा अर्ज आला. पॅन, जीएसटी क्रमांक, रद्द केलेला चेक. गेल्या तीन वर्षांची उलाढाल. कर्मचारी संख्या, पैकी महिला. गोदामाचा पत्ता. मी भरला नाही, तरी सोमवारी खरेदी आदेश आलाच. कामाचं स्वरूप: 'स्पेस पूर्ववत करणे, १ नग'. या वर्षी तरतूद नसल्यामुळे रक्कम ०. पैसे काम पूर्ण झाल्यापासून ६० दिवसांत. विलंब झाल्यास दर आठवड्याला अर्धा टक्का दंड.

आदेश त्यांच्याच प्रोग्रॅमनं छापलेला होता. अक्षरी: शून्य रुपये फक्. खाली अध्यक्षांची सही, सचिवांची सही, गोल शिक्का.