‘बुडीत विमा संस्था होती, म्हणून बंद केली’ हे खरं नाही

अमेरिकेतल्या कम्युनिस्टविरोधी धरपकडीचा विषय निघाला की एक दावा हमखास फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा : ‘त्या काळात हेर आणि कम्युनिस्ट पक्षाचे पुढारी सोडले तर सामान्य माणसाला काही झालं नाही. इंटरनॅशनल वर्कर्स ऑर्डरचं नाव उगाच घेतात. ती विम्याच्या नावाखाली चालणारी पक्षाची तिजोरी होती, आतून पोखरलेली होती. सिनेटर मॅकार्थीच्या काळात कोर्टाने ती रीतसर बंद केली आणि कुणाचा पैसाही बुडाला नाही.’

आधी ‘पोखरलेली’ हा शब्द घेऊ, कारण सगळ्यात मोठा अन्याय त्यात आहे. ही संस्था १९३० मध्ये वर्कमेन्स सर्कल या ज्यू कामगारांच्या संस्थेतून फुटून निघाली. गिरणगावातल्या गावमंडळांच्या मयत फंडाची कल्पना ज्यांना आहे, त्यांना तिचं काम लगेच कळेल. दरमहा हप्ता भरायचा, आजारपणात मदत घ्यायची, माणूस गेला तर घरच्यांच्या हाती रक्कम पडायची. शिवाय शाखेत गाणं, नाटक, मुलांचे वर्ग. हंगेरियन, युक्रेनियन, स्लोव्हाक, पोलिश, इटालियन, स्पॅनिश बोलणाऱ्यांचे वेगवेगळे विभाग होते आणि भरात असताना सदस्य दीड लाखाहून जास्त होते. न्यूयॉर्क राज्याचं विमा खातं तिचे हिशोब वर्षानुवर्षं तपासत होतं. संस्था बंद करा म्हणून कोर्टात गेलेल्या याच खात्यानेही ती दिवाळखोर असल्याचा दावा केला नाही. गंगाजळी भक्कम होती.

मग बंद कशी झाली? विमेदारांना किंवा जनतेला ‘धोकादायक’ ठरलेली संस्था गुंडाळण्याची तरतूद राज्याच्या विमा कायद्यात होती. धोका म्हणजे पैशाचा धोका, असाच तिचा अर्थ घेतला जायचा. खात्याचे तपासनीस जेम्स हेली यांनी अहवालात तो राजकारणापर्यंत ताणला आणि न्यायमूर्ती हेन्री क्ले ग्रीनबर्ग यांनी जून १९५१ मध्ये ते मान्य केलं. ज्या व्यवहारात एक डॉलरची अफरातफर दाखवता आली नाही, तो केवळ चालवणाऱ्यांच्या मतांमुळे घातक ठरला. मला हा निकाल आजही भयंकर वाटतो.

‘पक्षाची तिजोरी’ या आरोपात तथ्याचा अंश आहे, तो लपवायचं कारण नाही. सरचिटणीस मॅक्स बेडाख्ट कम्युनिस्ट पक्षाचे जुने पुढारी होते, वरच्या फळीत पक्षाची माणसं होती आणि संस्थेची भूमिका बहुतेक वेळा पक्षाच्या वळणाने जायची. पण सदस्यांपैकी बहुसंख्य लोक पक्षात नव्हते. ते आले विम्यासाठी. खाणकामगाराला आणि कृष्णवर्णीयाला इथे इतरांच्याच दराने विमा मिळायचा. प्रुडेन्शिअल कंपनीने १८८१ मध्येच कृष्णवर्णीयांच्या पॉलिसीची रक्कम एक तृतीयांशाने कापली होती आणि असा भेदभाव या धंद्यात पुढे कित्येक दशकं चालला. तो न पाळणाऱ्या संस्थेकडे लोक गेले, यात कट कसला?

मॅकार्थींचा इथे संबंधच थोडा. सरकारात कम्युनिस्ट शिरल्याचा आरोप करणारं त्यांचं गाजलेलं भाषण फेब्रुवारी १९५० मधलं. ऑर्डरचं नाव केंद्र सरकारचे ॲटर्नी जनरल (कायदा खात्याचे प्रमुख) टॉम क्लार्क यांच्या ‘देशविघातक’ संस्थांच्या यादीत डिसेंबर १९४७ मध्येच आलं होतं, आणि तेव्हा राष्ट्राध्यक्ष ट्रुमन होते.

आता ‘कोर्टाने रीतसर’. यादीत नाव घालण्यापूर्वी ना नोटीस दिली, ना म्हणणं ऐकून घेतलं. याविरुद्ध ऑर्डर आणि आणखी दोन संस्था सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि ३० एप्रिल १९५१ रोजी ५ विरुद्ध ३ अशा मतांनी त्यांच्या बाजूने निकाल लागला : सुनावणीशिवाय असं नाव घालता येणार नाही. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत ग्रीनबर्ग यांचा आदेश आला. राज्यातली अपिलं फेटाळली गेली आणि १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संस्था बंद करण्याचं हे दुसरं प्रकरण ऐकायलाच नकार दिला. ‘रीतसर’ म्हणणाऱ्यांनी यातला पहिला निकालही सांगायला हवा.

राहिलं ‘कुणाचा पैसा बुडाला नाही’. आयुर्विम्याच्या पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे वर्ग झाल्या, हे खरं. पण सदस्यांनी उभारलेली संस्था अवसायकाच्या, म्हणजे ती गुंडाळायला नेमलेल्या अधिकाऱ्याच्या हाती गेली आणि शाखांचं जाळं मोडलं. यादीतल्या संस्थेचं सदस्यत्व सरकारी नोकरांच्या देशनिष्ठेच्या चौकशीत माणसाविरुद्ध धरलं जायचं. १९५२ च्या ग्विन दुरुस्ती या कायदेबदलानंतर सरकारी मदतीच्या घरांत राहणाऱ्यांकडून, आपण अशा कोणत्याही संस्थेत नाही, असं लिहून मागितलं जाऊ लागलं. परदेशात जन्मलेल्या काही पदाधिकाऱ्यांवर हद्दपारीची कारवाई सुरू झाली. अध्यक्ष असलेले चित्रकार रॉकवेल केंट यांना सरकारने पासपोर्ट नाकारला. तो हक्क मिळवण्यासाठी त्यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला तो १९५८ मध्ये.